लाल पेटीतलं मत

पापनाशम तालुक्यातलं ते मतदान अजून माझ्या मनातून जात नाही. इंग्रजांचं राज्य होतं आणि मी तिथल्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. मद्रासच्या कायदेमंडळाची निवडणूक होती. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पेटी पडद्यामागे ठेवलेली. आत जायचं, हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. कोणी कुठे टाकला हे पाहायची कुणालाही परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई ठाण्याच्या दारात येऊन बसली. तिचा नवरा गावच्या जमीनदाराचं कूळ. मत द्यायला गेला तो परतलाच नव्हता. दुपारी कालव्यात प्रेत मिळालं.

"ताडी पिऊन पडला," जमीनदाराच्या कारभाऱ्याने मी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं. असली आगाऊ उत्तरं मला कधीच आवडली नाहीत. पंचनाम्यात डोक्यामागची जखम नोंदवली. डॉक्टरांचं मत पडलं, पाण्यात जाण्याआधीच जीव गेला होता.

कुळांना एकेक करून बोलावलं. दरडावलं, समजावलं, सगळे ढिम्म. शेवटी एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "सामी, आम्ही कापूर विझवलाय. तोंड कसं उघडू?"

जळता कापूर तळहाताने विझवून घेतलेली शपथ आमच्या भागात सहसा कोणी मोडत नाही. मोडली तर घर बुडतं म्हणतात. माझ्या घरात मराठी बोलत असले तरी मीही त्याच धाकात वाढलेला. म्हणून शपथ मोड असं मी म्हटलं नाही.

"विझवताना काय बोललात तेवढंच सांग."

"कागद पेटीत टाकणार नाही. कंबरेला लपवून बाहेर आणू, कारभाऱ्याच्या हातात देऊ."

"आणि मेलेल्या माणसाबद्दल?"

म्हाताऱ्याने शपथेचे शब्द पुन्हा एकदा पुटपुटून पाहिले. मग त्याला रडू फुटलं. "त्याबद्दल काहीच नाही, सामी."

मग त्याने सगळं सांगितलं. गोळा केलेले कागद जमीनदाराचा एक विश्वासू माणूस त्यांच्या उमेदवाराच्या लाल पेटीत टाकणार होता. मेलेला माणूस तेवढा रिकाम्या हाताने बाहेर आला. कारभाऱ्याने त्याला कालव्याकाठी नेऊन डोक्यात काठी घातली. काठी कारभाऱ्याच्या गोठ्यात सापडली.

अटकेनंतर कारभारी घडाघडा बोलला. पोलिसापुढच्या त्या कबुलीला कोर्टात किंमत नव्हती, पण साक्षीदार टिकले. तो म्हणाला, "सारखा सांगत होता, मालकांच्याच पेटीत टाकला, फक्त माझ्या हाताने टाकला. कोण विश्वास ठेवणार?"

मी हे त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "तिथेच टाकला असणार, सामी. आम्ही त्यांचंच अन्न खातो. एकदा स्वतः टाकायची त्याला हौस होती."

कारभाऱ्याला जन्मठेप झाली. जमीनदारापर्यंत माझा हात पोहोचला नाही, त्याची चीड आजही येते. नोकरीत विरोधापायी झालेले खून मी पुष्कळ पाहिले. गरिबाने आपल्या मनाने दिलेला होकारसुद्धा कुणाला खपत नाही, हे मला त्या केसने शिकवलं.