पाणी मीच पाजलं होतं

“तुमच्या मुलीला ऊन लागलेलं नाही. रक्तातलं सोडियम एकशे पंधरावर आलंय, एकशे पस्तीसच्या वर हवं,” डॉक्टर म्हणाले. “किती पाणी प्यायली ही?”

पाणी मीच पाजलं होतं.

आम्ही भिवंडीजवळच्या अंजूरचे. गावात तेव्हा नवी गोदामं उभी राहत होती. माझी मुलगी वैशाली वीस वर्षांची, लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करत होती. गोदामांच्या रस्त्यानं ती पळायची, मी मागून सायकलवर. मे महिन्यातल्या त्या रविवारी सहाला निघालो. साडेदहा वाजले तरी ती पळतच होती. थोड्या थोड्या अंतरावर मी बाटली पुढे करत होतो.

“पप्पा, नको. पोट डब्ब झालंय.”

“पी गो बाय. ऊन हाय, चक्कर येल.”

ती प्यायली.

घरी आली तेव्हा डोकं ठणकत होतं. बोटं सुजलेली, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतलेला. मग ओकारी झाली. मला वाटलं, ऊनच बाधलं. आणखी दोन तांबे पाणी पाजलं. अर्ध्या तासात ती आईला ओळखेना. भिवंडीला नेताना, रिक्षा कामतघरजवळ आली आणि तिला झटका आला.

डॉक्टरांनी या आजाराचं नाव हायपोनेट्रेमिया सांगितलं. म्हणजे रक्तातलं सोडियम, मिठाचा अंश, कमी होणं. घामातून मीठ जातं, वर गरजेपेक्षा जास्त पाणी गेलं की रक्त पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. “जास्त मिठाचं सलाईन लावलंय. पण बेतानं चढवावं लागतं. घाई केली तर मेंदूला इजा होईल.”

तीन दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर काढले. दर काही तासांनी रक्त तपासायला जायचं. एकशे अठरा. एकशे एकवीस. बायकोनं एकदाच विचारलं, “पोर नको बोलत व्हती ना?” मी मान डोलावली. ती उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

चौथ्या दिवशी वैशालीनं पेज मागितली. पुढे कित्येक महिने बोलताना तिचे शब्द अडकायचे. पळणं सुटलं ते सुटलंच.

तुमच्या घरात कोणी असं तासन्‌तास पळत असेल, तर तहान लागेल तेवढंच पाणी द्या. पळून आल्यावर डोकं दुखलं, ओकारी झाली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर पाणी पाजत बसू नका. थेट दवाखान्यात न्या आणि सोडियम तपासायला सांगा.

त्या दिवसाचं वैशालीला काहीच आठवत नव्हतं. “मला काय झालेलं, पप्पा?” तिनं घरी आल्यावर विचारलं. ऊन लागलं म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी सगळं सांगितलं.

ऐकून ती म्हणाली, “दुसऱ्यांनापण सांगा.”

म्हणून हे लिहिलं. तिचा जीव वाचला. याहून जास्त मागायला मला तोंड नाही.