त्राटिका काय बोलली

एकोणीसशे एक्कावन्न साल. मी पंचवीस वर्षांचा होतो, लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि लग्नात बायकोबरोबर मला जे जे मिळालं त्यात सगळ्यात भारी चीज म्हणजे माझा साडू. अख्ख्या जव्हार-मोखाड्यात असा माणूस झाला नाही, पुढे व्हायचाही नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस आहे, पण उगाच फुगवून सांगणं माझ्या स्वभावात नाही. ज्याला पटणार नाही त्याने आमच्या खोडाळ्याच्या बाजारात यावं आणि माझ्या वयाच्या कोणालाही विचारावं. माझ्या वयाचं कोणी उरलं असेल तर.

लोकांना नाटकाचा नाद असतो. माझ्या साडूला बंद पडलेल्या नाटकाचा नाद होता. चांगलं चाललेलं नाटक शेजारच्या गावात असलं तरी तो उठायचा नाही. पण अमक्या ठिकाणी खेळ उधळला, तमक्या ठिकाणी पोलिसांनी पडदा पाडायला लावला असं कानावर आलं की खांद्यावर घोंगडी टाकून हा निघाला. नागलीची लावणी अर्ध्यावर असो, घरी पाहुणे बसलेले असोत. तिथे पोचायचा, दगड मारणारा माणूस हुडकून काढायचा, त्याच्याजवळ उकिडवा बसायचा, त्याला विडी द्यायचा आणि अगदी सोयरीक विचारावी तशा गोड आवाजात विचारायचा, "बाबा, तू धोंडा उचललास तवा तिकडं वर काय चाललं होतं?" बहुतेकांचं उत्तर एकच असायचं. शेजारच्याने उचलला म्हणून मी उचलला. मग हा शेजारच्याकडे जायचा. असं करत करत तो एकदा पहिला धोंडा उचलणाऱ्यापर्यंत पोचला, तर त्या माणसाने सांगितलं की मी बसायला जागा करत होतो, खाली टोचत होता म्हणून उचलला.

येताना तिथला एक धोंडा तो घरी आणायचा. अंगणात ओळीने मांडून ठेवायचा. हा वाड्याचा, हा इगतपुरीचा, हा नाशकाच्या नदीकाठचा. माझी थोरली मेहुणी, म्हणजे त्याची बायको, फार सोसणारी बाई, पण एकदा माझ्यासमोर म्हणाली, "भाऊ, दुसऱ्यांचे नवरे बाजारातून बांगड्या आणत्यात. आमच्या घरात धोंडे येत्यात. चूल मांडावी म्हटलं तर म्हणतो, नाशकाचा हाय, त्याला काळा करू नको."

त्या वर्षांत त्याला कामही भरपूर होतं. नुकतीच दारूबंदी झाली होती, आणि एका गावच्या मास्तरांनी दारूबंदीवरच नाटक बसवलं होतं. पहिल्या अंकात नवरा दारू पितो, तिसऱ्यात सोडतो. पण नवऱ्याचं काम करणारा गडी पहिल्या अंकात इतका झकास झोकांड्या खाऊ लागला, की पुढे बसलेल्या जमादाराने उठून त्याला धरलं, बाटली जप्त केली आणि खेळ थांबवला. बाटलीत गुळाचं पाणी निघालं. साडू महिनाभर त्या एका गोष्टीभोवती फिरत होता. म्हणायचा, "जमादाराला राग दारूचा आला का गुळाचा? दारूचा म्हणावं तर ती नव्हती. गुळावर बंदी नाय. मग बंद कशाला केलं?" मी म्हटलं, अरे, त्याला खरं वाटलं म्हणून. त्यावर तो म्हणाला, "साडू, तू वाटतोस तितका येडा नाहीस." हा माझा मान मी आजवर जपून ठेवला आहे.

संस्थान होतं तोवर जव्हारात खेळ लावायचा तर दरबाराचा होकार लागायचा. विलीनीकरण झालं, कचेरीत नवी माणसं आली, आणि परवानगी मामलेदाराकडून मिळू लागली. साडू पायी जव्हारला गेला. कारकुनाने विचारलं, तुमचं नाटक कुठलं? हा म्हणाला, माझं नाटक नाही, मला फक्त नाटक कशाने नापास होतं ते सांगा. कारकून वैतागला आणि म्हणाला, "आक्षेपार्ह मजकूर असला की." झालं. साडूला नवा शब्द मिळाला. त्याच्या तोंडी तो "आक्षेपार" असा बसला आणि वर्षभर गावाला दुसरं काही ऐकू आलं नाही. कालवणात मीठ जास्त पडलं, आक्षेपार. बैल लंगडला, आक्षेपार. आमची दोघांची एकच सासू, तिला तर तो तोंडावर म्हणाला, "मामी, तुमचा मजकूर आक्षेपार हाय." सासूला वाटलं जावई कौतुक करतोय. तिने त्याला कोंबडी कापली. मला त्या दिवशी नुसती वरईची भाकर मिळाली, हेही सांगून ठेवतो.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडे होळीनंतर बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं निघतात, लाकडी मुखवटे बांधून संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं ते बापजाद्यांपासून ठरलेलं, तो त्या घराचा मान. साडूचं गाव जामसरकडे, आणि त्याच्या घराचा मान त्राटिकेचा. तिला राम मारतो, ती राक्षसीण. उजाडता उजाडता ती येते, केस पिंजारून पोरांना भिववते, मग पाटलाचा पुतण्या रामाचं सोंग घेऊन येतो, बाण मारतो, ती पडते. साडूच्या बापाचा जीव त्या मुखवट्यात होता. साडूचाही होता. घरात दुसरं काही मिरवायला नव्हतं.

आणि आमच्याकडचा एक नेम आहे. सोंग नाचतं, बोलत नाही. गाणारा गातो, वाजवणारा वाजवतो, सोंग मुकं. मुखवट्याआडचा माणूस बोलला की देव निघून जातो असं म्हणतात.

त्या वर्षी त्राटिका बोलली.

मी सोयरा म्हणून तिच्याशेजारी टेंभा धरून उभा होतो. राम आला, धनुष्य ताणलं, आणि साडूने हात वर करून संबळ थांबवला. मग मुखवट्यातून आवाज आला. मी हातभर अंतरावर होतो आणि मला ऐकू आलं ते एवढंच, भूं भूं भूं, भूं भूं. मधमाश्यांच्या पोळ्यात तोंड घालून कोणी बोलावं तसं. राम तसाच धनुष्य ताणून उभा. मागून पहिलं ढेकूळ आलं, मग नारळाची कवटी, मग काय काय. त्राटिका बाण न लागताच पडली.

दुपारी पाटलाच्या ओट्यावर पंच बसले. जंगलखात्याचा गार्ड खेळाला पुढच्या खुर्चीवर होता, तोही येऊन चहा घेत बसला. त्याने आधीच सांगून टाकलं होतं की हे जव्हारला कळवावं लागेल, आणि पुढच्या वर्षी परवानगीचं अवघड आहे. म्हणजे एका त्राटिकेपायी अख्खा बोहाडा जाण्याची वेळ. पाटील म्हणाले, "चूक कबूल कर, देवीला नारळ दे, नायतर तुझ्या घरचा मान काढून दुसऱ्याला देतो."

साडू उठून उभा राहिला. मला वाटलं आता हात जोडेल. तो म्हणाला, "देतो नारळ. पण आधी सांगा, राग नेमका कुठल्या शब्दाला आला?"

गावचा भगत, देवाधर्माचं बघणारा, म्हणाला, "शब्द कसला. सोंग बोल्लं. आता पाऊस नाय."

गावच्या शाळेचे मास्तर म्हणाले, "रामाला शिवी दिलीस तू. मी स्वतः ऐकली."

रामाचं सोंग घेणारा पुतण्या म्हणाला, "शिवी नाय. धनुष्य वाकडं हाय म्हणाला. वाकडं हायच ते, म्हणून मी गप्प बसलो."

गार्ड म्हणाला, "माझं नाव घेतलं. गार्ड म्हणाला, साफ ऐकू आलं."

मग ते आपसात भांडू लागले. मास्तर भगताला बहिरा म्हणाले, भगताने मास्तरांचं शिक्षण काढलं. साडूचा चेहरा असा खुलला होता की काय सांगू. इतकी वर्षं तो ज्याच्यामागे गावोगाव पायपीट करत होता ते सगळं एका ओट्यावर त्याच्यापुढे बसलं होतं, विडी न देता. मी त्याचा सदरा ओढला. म्हटलं, साडू, कोणाला काहीच ऐकू आलं नाही. नुसतं गाणं गुणगुणलो म्हणून सांग, सुटशील. मान राहील.

त्याने माझ्याकडे बघितलं. "कुणालाच ऐकू आलं नाय?" असं त्याने इतक्या हळू विचारलं की मला नको वाटलं.

पाटलांनी हात वर केला. "पुरे. काय बोल्लास ते सांग आणि सुट."

तेव्हा तो मुखवट्याशिवाय, उघड्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलला. "राम बाण लावतो ना, तवा त्राटिका त्याला इचारते. माझ्या रानात आलास, मला इचारून आलास का?"

भगताची डोंगरउताराची वरकस जमीन दोन वर्षांपूर्वी सरकारी जंगलाच्या हद्दीत गेली होती. पाटलांची मोहाची झाडंही. सगळे खाली बघत होते, गार्डकडे कोणीच बघत नव्हतं. गार्डही गरीबच, घाटावरून पोटासाठी आलेला. त्याने बशी खाली ठेवली, टोपी शोधली आणि निघून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर पाटील म्हणाले, "मघाशी आम्हाला कळलं नव्हतं तवा नारळावर भागलं असतं. आता कळलं." आवाजात राग नव्हता. "हे दरसाल बोलावं लागंल, आणि दरसाल कुणीतरी खुर्चीवर बसलेला असंल. त्यापेक्षा मान दुसऱ्या घरी जाऊ दे."

मान दिला तो गावातल्या सगळ्यात घुम्या माणसाला. बायकोशीसुद्धा मानेनेच बोलायचा. पंचांनी नेमकं बघून दिला होता.

साडूने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. त्या दिवसानंतर कुठे खेळ बंद पडला असं मी मुद्दाम सांगितलं तरी तो घोंगडी उचलेना. म्हणायचा, "असंल काहीतरी बरोबर बोल्लेलं." बोहाड्याला मात्र दरवर्षी जायचा, उजेडाच्या जरा बाहेर उभा राहून घुम्याची त्राटिका बघायचा आणि मला विचारायचा, "नाचतो बरा, नाय?" मी म्हणायचो, तुझ्याएवढा नाही. तो गेला त्याला आता खूप वर्षं झाली. त्याच्यासारखं खोदून विचारणारं कोणी भेटत नाही, आणि माझ्याकडे उत्तरं पडून आहेत.

मान उतरला की मुखवटा त्या घरच्या माणसाने नेऊन द्यायचा नसतो, सोयऱ्याने न्यायचा असतो. म्हणून पंच बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या डोक्यावर आला. मेहुणीने त्याला हळदकुंकू लावलं. साडू शेतावर निघून गेला होता. वाटेत जो भेटला तो मुखवट्याला हात जोडत होता. घुम्याचं घर ओढ्यापलीकडे. ओढ्यात कोणी नव्हतं. मी दगडावर उभा राहिलो, मुखवटा तोंडावर घेतला आणि साडूचं ते वाक्य आत बोलून बघितलं. आत ते स्वच्छ ऐकू आलं, शब्दन् शब्द, देवळात बोलावं तसं मोठं. मी पुन्हा एकदा बोललो. मग तोंड पुसलं, मुखवटा डोक्यावर घेतला आणि पलीकडे नेऊन दिला.