चिंचोक्यांचा बाजार भरवणारे जवंजाळ सर

आदरणीय उत्तमराव जवंजाळ सर आमच्या नांदुऱ्याच्या शाळेत वाणिज्य शिकवायला आले, तेव्हा महाराष्ट्र नवाच होता आणि सरांचा कोटही. पहिल्याच तासाला त्यांनी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं. धडा मागणीचा, उदाहरण सफरचंदाचं.

"सफरचंद कोणी कोणी पाह्यलं?"

एकही हात वर झाला नाही. सरांनी पुस्तक मिटलं. "मीही चित्रातच पाह्यलं. उद्या घरून इकण्याजोगं काहीतरी आणा."

सरांच्या अध्यापनकौशल्याविषयी या गौरवग्रंथात विद्वान मंडळी लिहितीलच. मी बाई वर्गातली एकुलती एक मुलगी. मी आपली कोहळ्याविषयी लिहिते.

दुसऱ्या दिवशी मैदानात आमचा बाजार भरला. नाणं म्हणून सरांनी प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिले. मी घरचं लाल कोहळं, म्हणजे तांबडा भोपळा, मांडून बसले. वरवट बकालच्या शालिग्रामनं ते हेरलं, घासाघीस केली, आणि "पुढच्या बाजारालोक ठेव", म्हणजे तोपर्यंत कोणाला विकू नको, असं सांगून गेला. पुढच्या बाजाराला गडी पोतंभर चिंचोके घेऊन हजर! घरी चिंच फोडलेली, त्याला काय तोटा? त्याचं पाहून सगळ्यांनीच आणले. मग मीही भाव असा चढवला की त्याचं पोतं रिकामं झालं.

"सर, हे पोरगी लुटून राह्यली!" शालिग्राम ओरडला.

"काऊन रे, पोतं कोनं आणलं?" मी म्हटलं. "चिंचोक्याले किंमतच नाई राह्यली, तं मी काय करू?"

सर पोट धरून हसले. "याले चलनवाढ म्हंतात. चूक कोणाची, ते परीक्षा झाल्यावर सांगतो." वादातलं कोहळं त्यांनी जप्त करून घरी नेलं, काकूंनी त्याची गोड बोंडं तळली, आणि 'उपभोग' हा धडा आम्ही तिथं पूर्ण केला.

मॅट्रिकला नेमका प्रश्न आला: भाववाढ का होते? झालं! साऱ्या वर्गाच्या पेपरात चिंचोके आणि कोहळं. तपासणाऱ्यांना वाटलं, सामूहिक कॉपी. आमचा निकाल राखून ठेवला.

माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. बाबांनी आधीच बजावलं होतं, "पास झाली तं शिकजो, नाई तं उंद्रीचं स्थळ तयार हाय." उंद्रीची माणसं घरी येऊनही गेली. हे कळताच सर सायकल हाणत आमच्याकडे आले. कोणापुढं न वाकणारा माणूस, पण ओसरीवर बाबांसमोर हात जोडून उभे राहिले.

"चूक असंन तं माह्यी. सजा पोरीले देऊ नका."

"कवालोक थांबू, मास्तर?"

"निकाल लागेलोक."

बाबा थांबले. सरांचा तो उपकार या जन्मी फिटायचा नाही.

चौकशीला मंडळाचे अधिकारी आले. शालिग्रामचा आणि माझा पेपर शेजारी ठेवून वाचावा, एवढंच सरांनी सुचवलं. साहेब वाचू लागले. शालिग्रामनं लिहिलं होतं, विक्रेत्याच्या हावरटपणामुळे भाव वाढतात. मी लिहिलं होतं, ग्राहकानं पोत्यानं चलन आणल्यामुळे. "मग खरं काय?" साहेबांनी विचारलं, आणि तिथंच आमचं जुंपलं.

"तुनंच चढवला!"

"तुह्या पोत्यानं चढला!"

सर आम्हाला आवरायला उठले, तर साहेबांनी त्यांनाच खाली बसवलं. "राहू द्या, मास्तर," ते हसू दाबत म्हणाले. "कॉपी करणाऱ्यांचं निदान एकमेकांशी पटतं तरी."

निकाल लागला. वर्ग पास. उंद्रीला नकाराचा निरोप गेला. मी पुढं बी.कॉम. झाले, जन्मभर हाच विषय शिकवला, आणि दरवर्षी वर्गात चिंचोके वाटले.

शालिग्रामची आता नांदुऱ्यात धान्याची अडत आहे. भेटला की अजून भांडतो. परवा त्यांच्याच अमृतमहोत्सवाचं आमंत्रण द्यायला आम्ही दोघं सरांकडे गेलो, तेव्हा मी म्हटलं, "सर, परीक्षा होऊन जमाना झाला. आता तरी सांगा, चूक कोणाची?"

सर मिशीत हसले. "सांगतो ना. घाई काय हाय?"

काहीच घाई नाही, सर. आपण ठणठणीत राहावं, शंभरी गाठावी, काकूंच्या हातची बोंडं खावीत, आणि हा एवढा निकाल राखूनच ठेवावा. माझे बाबा थांबले होते, तसे आम्हीही थांबू. निकाल लागेलोक.