दशरथरावांचे दोन पट्टे

विश्रांतवाडीचे दशरथ गजभिये पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. इतक्या वर्षांत त्यांच्या नमुन्याला अशुद्ध म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि निवृत्तीला चार दिवस उरले असताना प्रयोगशाळेच्या प्रमुख मंदाकिनी मॅडमनी रजिस्टरमध्ये नेमकं तेच लिहिलं, त्यांच्या सहीसमोर.

काम होतं उंदरांना रक्ताचा कर्करोग देणाऱ्या विषाणूच्या डीएनएचा नकाशा करायचं. पेशीत शिरल्यावर या विषाणूच्या डीएनएचं गोल कडंही तयार होतं; नमुना अशाच कड्यांचा होता. एक एन्झाइम त्या कड्याला एकाच जागी कापतं. मग तो डीएनए जेलच्या लिबलिबीत थरात ठेवून वीज सोडायची, की तुकडे पळतात. आखूड पुढे, लांब मागे, आणि एका लांबीचे सगळे मिळून एक पट्टा. कडं एक, तर पट्टा एकच यायला हवा. दशरथरावांच्या जेलवर आले दोन, एकमेकांना खेटून.

"चार दिवस राहिलेत, दशरथराव," मॅडम म्हणाल्या, "पण हातांनी आधीच सुट्टी घेतलेली दिसते."

दशरथरावांना वाईट वाटलं. खरं तर रागच जास्त आला. डबा तसाच राहिला. हा नकाशा ज्या निकिताच्या पीएचडीचा, ती नमुना टाकून द्यायला निघाली होती. त्यांनी तिला थांबवलं आणि उरलेला नमुना दोन जागी कापणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमने कापला. दोनाऐवजी तीन पट्टे आले. निकिताने कपाळाला हात लावला. दशरथराव मात्र फोटोवर फूटपट्टी ठेवून हिशेब करत बसले. पहिल्या जेलवर दोन पट्ट्यांच्या लांबीत डीएनएच्या सुमारे सहाशे अक्षरांचा फरक होता. इथेही एका जोडीत तेवढाच निघाला.

"दोन्हीकडे सहाशेच. घाण अशी मापात येत नाही, बेटा," ते म्हणाले.

सहाशे म्हटल्यावर निकिता चमकली. विषाणूच्या सरळ डीएनएला दोन्ही टोकांना एकच मजकूर असतो आणि त्याची लांबी तेवढीच. कड्यात कधी दोन्ही प्रती राहतात, कधी एकच. म्हणजे कडी दोन प्रकारची आणि पट्टे दोन्ही खरे. हे पुस्तकातही होतं. मॅडम वीस वर्षं तेच शिकवत होत्या. फक्त निकालाआधी निकालाची खात्री करून बसल्या होत्या.

दोन्ही फोटो पाहून मॅडमनी स्वतः फूटपट्टी लावली. मग त्यांनी रजिस्टर मागवलं, आपली ओळ खोडली आणि खाली लिहिलं: नमुना शुद्ध. वाचण्यातली चूक माझी. पुढे सही केली.

दशरथरावांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि रजिस्टर मॅडमपुढे सरकवलं.

"मॅडम, तारीख राहिली."