राखेतलं बी

कोहमाऱ्याच्या फाट्यापासून थोडं आत, आमच्या गावच्या बाजारात, एका सेवाभावी संस्थेनं खोली भाड्यानं घेतली होती. दर गुरुवारी मी तिथं दोन खुर्च्या मांडून बसायचे. ज्याला जगणं नकोसं झालंय त्यानं यावं, बोलावं, आम्ही ऐकावं, गरज पडली तर गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जावं, एवढंच काम. बाजाराचा दिवस मुद्दाम धरला होता. पिशवी घेऊन निघालेल्या बाईला त्या दिवशी कुठं चाललीस म्हणून कोणी विचारत नाही. तरी लोक खोलीला पागलखानाच म्हणायचे. मेल्यांना दुसरा शब्द सुचतो कुठं!

मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. या कामासाठी गोंदियाला तीन दिवस शिकून आले होते. डॉक्टरीणबाई हिंदीतून शिकवायच्या. धोका कसा ओळखायचा त्याचा एक कागदच त्यांनी दिला होता: झोप उडते, जेवण तुटतं, माणूस निरोपाचं बोलायला लागतो. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं होतं. "अपनी प्यारी चीज़ें बाँटने लगे, तो समझ जाना." मी ते वहीत उतरवलं आणि पुढं माझ्या मनानं लिहिलं: घड्याळ, दागिने, सायकल. हुशार विद्यार्थिनी ना मी!

गावात सगळे जिला मावशी म्हणायचे ती पहिल्यांदा आली दिवाळीनंतर, सुनेसोबत. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. एकदा जीव द्यायला निघाली होती, सुनेनं वेळेवर पाहिलं म्हणून वाचली. घरची धानाची शेती, मुलगा कामाचा, सून गुणाची, नातू अंगाखांद्यावर खेळणारा. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, तुम्हाला कमी काय आहे हो?" असं विचारायचं नसतं, पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण तोंड माझं!

ती रागावली नाही. म्हणाली, "थेच तं मले समजून नाही राहिलं, बाई. कारन दिसलं असतं तं मी त्याच्यासंग भांडली असती."

माझीच मला लाज वाटली. त्यानंतर ती दर गुरुवारी यायची. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या सुरू झाल्या. कधी बोलायची, कधी तासभर नुसती बसून राहायची, आणि मी चुळबुळ करायला लागले की म्हणायची, "मास्तरीन हाये ना तुमी, तुमाले चूप बसता येत नाही." मला तिचा लळा लागला. बुधवारपासूनच मी तिची वाट पाहायला लागायचे, हे खरं सांगते.

मे संपता संपता ती एकटीच आली. केस चोपून विंचरलेले, चेहऱ्यावर हसू. पिशवीतून तिनं चिंध्यांच्या बारक्या बारक्या पुरचुंड्या काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. बरबटी, दोडकी, कारली, वाल, भोपळा. सगळं बी राखेत घोळून ठेवलेलं. "मिरग येऊन राहिला. तुमच्या सांदवाडीत लावा." सांदवाडी म्हणजे आमच्याकडं घरामागची भाजीपाल्याची जागा.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पेरणीचा विचार करणारी बाई, आणखी काय पाहिजे? तिला चहा पाजला. ती गेल्यावर डॉक्टरीणबाईंना फोन लावला, "हमारी मौसी तो ठीक हो गई." त्यांनी विचारलं, "सीधे पूछा क्या, मरने का ख़याल आता है?" मी म्हटलं, "पूछना क्या, चेहरा देखते आप!"

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. तिनं सोमवारीच जीव दिला होता. मला ते बाजारात कळलं, वांगी निवडताना. मला आधी रडू आलं नाही, राग आला. हसून गेली कशी माझ्यासमोरून? मग घरी आले आणि दार लावून ओक्साबोक्शी रडले.

त्या पुरचुंड्या घरात बघवेनात. तेरवी झाल्यावर पिशवीत भरून तिच्या घरी गेले. सून मागं सांदवाडीत होती. माती भुसभुशीत करून ठेवलेली, पण वाफे रिकामे. मला पाहून उठली. म्हणाली, "मायनं बी कुठं ठेवलं काई समजून नाही राहिलं, बाई. सारं घर पायलं. एक दाना नाही."

आमच्याकडं बाया एकमेकींना बी देतात, पण आधी आपल्या घरची मूठ बाजूला काढून. माझी आई काढायची, मीही काढते. घरातलं सगळं बी कोणी बाई देत नाही. मी त्या पुरचुंड्या मांडीवर घेतल्या होत्या, आणि तुमच्यासाठी किती ठेवलं, एवढंही विचारलं नव्हतं. वहीत घड्याळ लिहिलं होतं ना मी.

"हे घे," म्हणून मी पिशवी तिच्या पदरात रिकामी केली. तिनं एकेक पुरचुंडी चाचपून पाहिली. रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुमच्यासाठी काई नाही ठेवलं?"

"मला काय करायचंय आता," मी म्हणाले.

तिनं मातीच्या हातानं माझं मनगट धरलं. "इकडं पाहा, बाई. सारं बी कोनी देते का? तुमचं बरं हाये ना? जीव द्याचं तं मनात नाही ना येऊन राहिलं?"

मी नाही म्हणून मान हलवली. तरी तिनं हात सोडला नाही. सहा महिने मी तिच्या सासूसमोर बसत होते, आणि शेवटच्या गुरुवारी मी मावशीला एवढंच विचारायला हवं होतं.