कॉलेजचे मोजे

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा सराव नाही.

पण काल मुलाचे ओले मोजे दारात पडले होते, आणि त्या कुबट वासानं मला बुलढाण्याच्या कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली आठवली. तिथं धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढून मोजे घालावे लागत. आम्हा खेड्यातल्यांकडे ते नसत, म्हणून दाराशी एका डब्यात कॉलेजचे ठेवलेले होते, दुसऱ्याच्या घामानं चिकट झालेले. तरी तेच घालायचो.

एका मशीनवर मी आणि देऊळघाटचा गजानन. बायनरी फाइलपासून चालणारा प्रोग्राम करायचा होता. मी फाइलच्या नावाचं नुसतं शेपूट बदलून "exe" केलं, म्हणजे ती प्रोग्रामसारखी दिसावी.

"नाव बदलून कुठं चालते बे? आतले मेमरीचे पत्ते बदला लागते," गजानन म्हणाला.

"पाह्य तर खरं," म्हणत मी ती चालवली. स्क्रीनवर कचरा उमटला आणि मशीन अडकलं. गजानन सावरायला कीबोर्डवर झुकला, तेवढ्यात सर आले आणि त्याच्यावरच ओरडले.

"तूच केलं का हे? चाल, बाहेर हो! परत इथं दिसू नको."

गजाननने माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे पाहत राहिलो. त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

तो पुन्हा कॉलेजात आला नाही. दुसरीकडे प्रवेश मिळाला असेल, अशी मी समजूत करून घेतली. शेवटी इतक्या वर्षांनी, गेल्या आठवड्यात त्याचा भाऊ भेटला. गजाननने घरी एवढंच सांगितलं होतं, "मले नाही जमत ते." घरच्यांनी ते खरं मानलं, आणि हळूहळू त्यानंही.