पाइनच्या जंगलातला श्रीखंडाचा वास

तो वास आधी मला मेलेल्या शेळीचा वाटला. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआच्या मागच्या डोंगरांत रानटी शेळ्या पुष्कळ. शिकारी त्यांना मारून तिथेच टाकून जातात, आणि उन्हाळा सरता सरता खडीच्या रस्त्यांवर असा भपकारा अधूनमधून येतोच. चढावर सायकल मारताना तोंड उघडं असतं, त्यामुळे वास थेट जिभेवर बसतो. मी थुंकलो आणि पुढे गेलो, पण वास सुटेना. त्यात काहीतरी ओळखीचं होतं. आंबट, दुधकट, आणि त्यावर वेलदोडा.

"थांबू नकोस रे! एकदा दम तुटला की संपलं," पुढून माझा मित्र ओरडला.

हा मित्र मुंबईचा, माझ्यासारखाच आयटीतला. २०१५ साली त्याच्याच नादाने मी ग्रॅव्हल बाईक घेतली होती. खाली वळलेलं हँडल आणि खडीवर न घसरणारे जाड टायर असलेली ही सायकल त्याने आधी मला चालवायला दिली, मग विकत घ्यायला लावली. वेलिंग्टनच्या आसपासचे लाकूडतोडीचे सगळे रस्ते त्याला पाठ होते. कुठलं गेट बंद असतं, कुठे नुसता चिखल, सगळं. एकदा मी केळ्याची साल झुडपात भिरकावली, तर त्याने सायकल थांबवून मला ती उचलायला लावली होती. "लोक आपल्याकडे बघत असतात," तो म्हणाला होता. मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर त्याचा अभिमानच वाटला होता.

त्या दिवशी मात्र मी थांबलो. जंगलाच्या बंद गेटाच्या अलीकडे रस्ता रुंद होतो, गाडी वळवता येते. तिथून खाली नेच्यांत, ओढ्याच्या अगदी काठावर, काळ्या पिशव्यांचा ढीग पडला होता. रानडुकरांनी नाहीतर पॉसम नावाच्या झाडांवरच्या जनावरांनी त्या फाडल्या होत्या. पुऱ्यांवर हिरवी लव आली होती. बटाट्याची भाजी हलत होती. नीट पाहिलं तेव्हा कळलं की हलतायत त्या अळ्या. श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यांत गांधीलमाश्यांचे थर बसले होते, आणि एक डबा पाण्यात आडवा होऊन त्यातून पिवळट पाणी ओघळत होतं.

या सगळ्यावर एक थर्माकोलचा बोर्ड पडला होता. त्यावर गुढी रंगवलेली, आणि खाली 'नववर्षाच्या शूभेच्छा'. तो 'शू' दीर्घ होता. माझ्या मुलीने तो लिहिला होता आणि मी दुरुस्त करायला गेलो तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, it's fine, leave it."

दोनच आठवड्यांपूर्वी आमच्या मराठी लोकांचं पाडव्याचं जेवण झालं होतं. हॉल झाडून आम्ही बाहेर पडलो तेव्हा मित्रच म्हणाला होता, "कचऱ्याचं मी बघतो, माझ्याकडे ट्रेलर आहे." सगळ्यांनी त्याचे आभार मानले होते.

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो वीस-पंचवीस फुटांवर सायकल धरून उभा होता आणि खाली खडीकडे बघत होता.

मी काही बोलणार तेवढ्यात खालून एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, वर आली. त्यातून एक म्हातारा गोरा शेतकरी उतरला. त्या बाजूची मेंढ्यांची कुरणं त्याची होती. जाता-येता आम्ही हात करायचो, तोही दोन बोटं उचलायचा. तो ढिगापर्यंत खाली गेला, बुटाने तो बोर्ड सरळ केला आणि आम्हाला इंग्रजीत विचारलं, "हे तुम्हाला वाचता येतं का?"

"नाही," मित्र ताबडतोब म्हणाला. "आमची भाषा नाही ही. किळसवाणे लोक असतात एकेक."

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे मलाही ठरवायचं नव्हतं. त्याने ती 'नाही' अशीच घेतली.

"हीप्स ऑफ इट," ढिगाने पडलंय, असं तो पुटपुटला आणि गाडीत बसून निघून गेला.

उतारावर अर्ध्या वाटेत मी मित्राला अडवलं.

"तू टाकलंस ते?"

"अरे, ऐक तरी. कचरा टाकायची टिप पाचला बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी घराचे फोटो काढायला एजंट येणार होता, घर विकायला लावलंय ना. अंगणात ते सगळं सडत ठेवू?"

"म्हणून ओढ्यात?"

"ओढ्यात नाही, काठावर. जंगल आहे, कुजून जाईल. प्लेटा तर उसाच्या चिपाडाच्या होत्या."

"आणि डबे? आणि माझ्या पोरीचा बोर्ड?"

त्याने सायकलचं हँडल वळवलं. मग म्हणाला, "तूही तर काही बोलला नाहीस."

ती जागा त्याला सायकलवरूनच माहीत झाली होती, आणि कित्येकदा मी त्याच्याबरोबर होतो. आम्ही तिथे बसून केळी खाल्ली होती. मी घरी पोचलो. जर्सी धुवायला टाकली तरी मला तो वेलदोड्याचा वास येत राहिला. बायकोने चहा पुढे केला, तोही नेमका वेलदोड्याचा. मी तसाच सिंकमध्ये ओतला.

तेव्हा माझे बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. पाणीपुरवठा खात्यात जन्म गेलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत हातमोजे आणि पिशव्या भरताना त्यांनी पाहिलं, तेव्हा सांगणं भाग पडलं.

"आणि त्या शेतकऱ्याला तू काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

ते आत गेले, जुना शर्ट घालून आले आणि गाडीत बसले.

दोन तास लागले. बाबांनी तोंडाला रुमाल बांधला होता. मी दोनदा ओकलो. ते एकदाही नाही. पाण्यातला डबा काढायला ते गुडघाभर ओढ्यात उतरले. तिथूनच त्यांनी विचारलं, "हे पाणी कुणाच्या पिण्यात जातं रे?"

मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं मी तिथून ये-जा करत होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

शेवटच्या पिशव्या बांधत असताना शेतकरी आला. त्याच्या यूटच्या हौद्यात एक कुत्रा पडून होता. मी हातमोजे काढून त्याच्यासमोर गेलो. "काल मी खरं सांगितलं नाही. मला ते वाचता येतं. हा कचरा आमच्याच कार्यक्रमाचा आहे. बोर्ड माझ्या मुलीचा आहे."

त्याने ऐकून घेतलं. "कुत्र्याने खाल्लं यातलं," तो म्हणाला. "चार दिवस ओकतोय. आणि माझ्या घरच्या टाकीत याच ओढ्याचं पाणी येतं."

"सॉरी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"काल विचारलं होतं मी तुम्हाला," एवढंच तो म्हणाला. मग बाबांकडे बघून त्याने टोपीला हात लावला. बाबांनी चिखलाचे हात जोडून नमस्कार केला. पिशव्या गाडीत चढवायला त्याने मदत केली नाही, आणि ते बरोबरच होतं.

आमच्या मराठी लोकांच्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं. मित्र आला नव्हता. लोक फोन बघू लागले. मग एक गृहस्थ म्हणाले, "झालं ना साफ? मग विषय कशाला वाढवायचा? उगाच आपलं नाव खराब होईल." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चर्चा पुढच्या वेळी पुऱ्या की पोळ्या याच्यावर गेली. मला त्या खोलीत बसवेना. ओढ्याकाठी निदान वारा तरी होता.

त्यानंतर कचऱ्याचं काम मी घेतलं. हॉल सुटायच्या आत भाड्याचा ट्रेलर भरून टिपवर जाऊन यायचो, स्वतः पानावर बसायच्या आधी. लोक म्हणायचे, जेवून तरी जा. सायकल मी एकट्याने चालवू लागलो. त्या रस्त्याने जायचं टाळलं नाही, पण शेतकरी दिसला की हात मी आधी करायचो. बरेच महिने त्याने बोटं उचलली नाहीत. एकदा उचलली. कुत्रा मागे उभा होता, भुंकत होता.

२०१९ मध्ये मित्र ऑस्ट्रेलियाला जायला निघाला. निरोपाच्या जेवणाला मी गेलो, कारण न जाण्याचं कारण सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. कुणीतरी भाषणात त्याच्या निसर्गप्रेमाचा उल्लेख केला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. निघताना मात्र आला, मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, "चुकलं असेल काही तर सोडून दे यार."

मीही त्याच्या पाठीवर थाप मारली. "चल, ये कधी," असंही म्हणालो.

घरी आलो आणि भर दुपारी पुन्हा आंघोळीला गेलो. बायकोने बाहेरून विचारलं, "आता परत?"

"उकडतंय," मी म्हणालो. बाहेर दक्षिणेचा गार वारा सुटला होता आणि खिडक्या खडखडत होत्या.